पारुलची जीभ

पेल्याच्या तळाशी गाळाचा एक कण गरगरत होता, आणि तो खाली बसेपर्यंत तरी आपल्याला प्यावं लागणार नाही, एवढ्याच आधारावर मोमेना त्याच्याकडे बघत बसली होती... तहान तर अशी की जीभ टाळूला चिकटत होती. पावसाचं पाणी साठवायची अंगणातली टाकी कालच कोरडी पडली. आभाळात ढगाचा मागमूस नाही. आणि हे पाणी तळ्याचं — मागल्या वादळात बांध फुटून खारी नदी शिरली होती, त्या तळ्याचं.

खारं असेल का? तिला कळायला मार्गच नव्हता. गावात जन्म गेलेल्या बाईच्या जिभेला मीठ कळत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून तर पाणी चाखायचं काम नव्या सुनेचं — गोड्या पाण्याच्या मुलखातून आलेली, कोरी जीभ. मागच्या खेपेला घरात नवं कुणी नव्हतं. मोमेना हेच पाणी पीत राहिली. पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि सातव्या महिन्यात पोटातलं बाळ... डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढला, पाण्यातलं मीठ. मीठ! मीच पाजलं की त्याला, पेल्या-पेल्यानं. आणि आता हा पुन्हा सातवा. तिला भीती वाटत होती, साधी, उघडी भीती.

"आणा इकडे," म्हणत पारुल आली. धाकट्या दिराची बायको. गोड्या पाण्याच्या जशोरकडची, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. आली त्या दिवशी हिनं पहिलाच घोट थुंकून टाकला होता, आणि सासूबाई फणकारल्या होत्या, "नबाबाची लेक! आमच्या पाण्याला नावं ठेवते!" मोमेनाला मात्र हायसं वाटलं होतं.

पारुलनं घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"गोडंय, भाभी. बिनघोर प्या."

"नीट बघ गं."

"बघितलं की! आता काय अख्खं तळं पिऊन दाखवू?"

पारुल हसली. मोमेनाला हसू येईना. घरचं कालवण खारट लागतं म्हणून नुसता भात गिळणारी ही पोर आज सकाळी चक्क वरून मीठ मागून घेत होती... कधी गेली असेल हिची जीभ? कालवण ढवळता ढवळता, नकळत, जशी माझी गेली तशीच? की पाणी खरंच गोडं आहे आणि मीच उगाच भिते आहे? की हिला सगळं कळलंय, आणि दुसरं पाणीच नाही म्हणून ही खोटं बोलते आहे, माझ्यावरच्या मायेनं? विचारावं का? विचारलं आणि ती गप्प राहिली, तर...

घसा जळत होता. मोमेनानं डोळे मिटून एक घोट घेतला — आणि मग घटाघटा, थांबताच येईना. पाणी गोड लागत होतं. मागच्या खेपेलाही असंच लागायचं, अगदी असंच गोड, हे तिला आठवलं. आणि पेला रिकामा झाल्यावरही तिनं तो तोंडाशीच धरून ठेवला, पारुलला आपला चेहरा दिसू नये म्हणून.