कांडी मशीनच्या जागेवर

सुरतेच्या लिंबायतमधल्या जुन्या लूमखात्याच्या जागी आता संगीतगृह उभं राहिलं होतं, आणि त्याच्या पहिल्या कार्यक्रमाचे दोन पास दगाच्या सदऱ्याच्या खिशात होते. एक त्याचा, एक सुभद्राचा. सुभद्राबाई दिवाळीआधीच गेली होती. पण बायको गेली, हे दगानं अजून एकाही माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नव्हतं.

सांगायची वेळच आली नाही, अशी तो स्वतःची समजूत घाली. ती वारली गावाकडे, अमळनेरजवळ, भावाच्या घरी. फोन सगळे मुलानं, धर्मेंद्रनं केले. पुढचं भाच्यांनी उरकलं. दगा भिंतीला पाठ लावून बसून राहिला. सुरतेला परतला, तर इथं सांगायला होतं कोण? खातं बंद झालं तशी माणसं चहूकडे पांगली होती. शेजारी नवे भाडेकरू, त्यांना सुभद्राचं नावही ठाऊक नाही. धर्मेंद्र कतारगामला हिऱ्यांच्या कामावर. रविवारी फोन करी, तो निम्मं गुजरातीत बोले आणि दगाला निम्मंच ऐकू येई, म्हणजे बापलेकाचं बोलणं जेमतेम पाव हिश्शाचं होई.

कान गेले ते खात्यामुळे. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला खातंच म्हणतात. आत लूम खडखडायला लागले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसे. म्हणून तिथली माणसं आवाज टाकूनच देत आणि ओठांनी, हातांनी बोलत. एका भिंतीशी सुभद्रा कांडी मशीनवर सूत भरी, समोरच्या भिंतीशी दगा लूम चालवी, आणि मधल्या सगळ्या गदारोळावरून नवराबायकोचा संसार चाले. भाजी काय करायची, धर्मेंद्रला ताप आहे का, तू काल असं का बोललास. भांडायला दोन्ही हात रिकामे लागत, त्यामुळे त्यांची भांडणं फार लांबत नसत. पुढे पुढे तर घरातही ती चुलीपासून नुसते ओठ हलवी आणि याला कळे. धर्मेंद्र वैतागून म्हणे, तुम्ही दोघं मला सोडून काय बोलता!

आता त्या ओठांची जागा रिकामी होती. बाकीची माणसं मोबाइलमध्ये मान घालून बोलत. त्यांचे ओठ दिसायचे कसे आणि वाचायचे कधी?

पास घेऊन आली होती ती गायत्री, हे संगीतगृह जिनं आखलं ती नागपूरकडची वास्तुविशारद. चहाच्या टपऱ्यांवर चौकशी करत ती जुन्या कारागिरांना शोधून काढत होती. दारात उभी राहून ती नीट समोर बघून बोलली, म्हणून दगाला सगळं समजलं.

"काका, काकू कुठे आहेत?"

"गावाले गयी," दगा म्हणाला. तोंडातून निघून गेलं. मग त्यावर आणखी चढवलं, "येई जाई ती. आम्ही दोन्ही येसूत."

गायत्रीनं विचारलं, कुठं बसायला आवडेल? दगानं एका दमात सांगितलं, कांडी मशीनं होती त्या बाजूला. धर्मेंद्रला पासांचं कळलं तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, मम्मीच्या पासवर मी येतो ना." दगा त्याच्यावर कधी नव्हे इतका खेकसला, की ती जागा तुझी नाही. मग दिवसभर त्याला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी दगा इस्त्रीचा सदरा घालून निघाला. बाहेरून बघितलं तर इमारत ओळखीची वाटेना, पण दारातून आत शिरला आणि वर बघून थबकला. करवतीच्या दातांसारखं खात्याचं जुनं छप्पर दर्शनी दालनावर तसंच ठेवलं होतं, काचा फक्त नवीन. त्याच काचांतून येणाऱ्या उजेडात त्यानं अर्धं आयुष्य तुटलेले धागे जोडले होते.

"काकू?" गायत्रीनं विचारलं.

"मांगून यी ऱ्हायनी," दगा म्हणाला आणि तिची नजर चुकवून सरकला.

आत गायत्रीनंच पाहुण्यांना चार शब्द सांगितले. ध्वनिक्षेपकामुळे तेवढे दगाला बरे ऐकू आले. भिंती दुहेरी आहेत, मध्ये पोकळी ठेवली आहे. आतलं अख्खं सभागृह रबराच्या जाड गाद्यांवर बसवलंय, त्यामुळे पलीकडच्या रेल्वेची घरघर इथं पोचत नाही. भिंतींचा लाकडी पृष्ठभाग मुद्दाम वरखाली ठेवलाय, म्हणजे सूर एका जागी आदळून परतत नाही, सगळीकडे पसरतो. दोन्ही बाजूंना समोरासमोर सज्जे, आणि सज्ज्यांचे कठडे जुन्या खात्याच्या सागवानी तुळयांचे. जिथं स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, तिथं आता श्वासही ऐकू येईल, असं ती म्हणाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगाला वाटलं, बाई, कोणाचा श्वास ऐकू येईल ते तरी सांग.

डाव्या सज्ज्यात, कांडी मशीनं होती त्या बाजूला, पुढच्याच रांगेत तो बसला. शेजारच्या खुर्चीवर त्यानं रुमाल टाकला. एकानं येऊन विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाला.

व्हायोलिन सुरू झालं. गज वरखाली होताना दगाला दिसत होता, सूर मात्र लांबून आल्यासारखे, मध्येच तुटत पोचत होते. मंचाचा उजेड दोन्ही सज्ज्यांवर पडला होता. समोरच्या सज्ज्यात बघितलं, तर पहिल्या दोन रांगांत सगळी खात्याचीच माणसं! केस पिकलेले, गाल बसलेले, पण बसण्याची ढब तीच. आणि मधोमध मालतीबाई, सुभद्राच्या शेजारच्या मशीनवरची, तिची जिवाची मैत्रीण. तिनंही त्याच क्षणी त्याला बघितलं आणि तिचे ओठ हलले.

"दगाभाऊ! कसा शेस?"

कितीतरी दिवसांनी दगाला एखाद्याचं बोलणं पुरतं कळलं. त्याचे डोळेच भरून आले. सभागृहात व्हायोलिनखेरीज चिडीचूप होतं, आणि त्या शांततेवरून ही दोघं मजेत गप्पा मारायला लागली. गुडघे, सून, बारडोलीला गेलेला तिचा मुलगा. मग मालतीबाईनं रुमालाकडे बोट केलं.

"सुभद्रा कोठे शे?"

दगानं दोन्ही तळवे जोडून छपराची खूण केली. घरी. मालतीबाईचा चेहरा खुलला. तिनं स्वतःकडे बोट दाखवलं, मग तीच छपराची खूण केली, आणि ओठ सावकाश हलवले.

"कार्यक्रम सरना का मी तुम्हना घर येसू. सुभद्राले भेटसू."

दगाला पुढचं सगळं दिसलं. अंधाऱ्या खोलीचं कुलूप, दोरीवर अजून तशीच असलेली तिची साडी, आणि दारात हसत उभी मालतीबाई. पळून जावं, मध्यंतरातच निघावं, असंही मनात येऊन गेलं. पण समोरची बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती, उत्तराची वाट बघत होती. खोटं बोलायला उघडलेले ओठ त्यानं मिटले आणि हात वर घेतला.

खात्यात एक रीत होती. कुणाच्या घरचं माणूस गेलं की ज्याला कळे तो मूठ छातीकडे ओढी, लूमची दांडी ओढून बंद करतात तशी, आणि ओठांनी नाव सांगे. ती खूण हातोहात पुढे जाई आणि एकेक लूम थांबे. प्रत्येक जण आपल्या लूमच्या लाकडावर हात ठेवून उभा राही. ज्याचं माणूस गेलं त्यानं हात उचलला, की मगच काम पुन्हा सुरू. शेठ मनातून चरफडे, पण मध्ये बोलायची त्याची कधी छाती झाली नाही. सुभद्रा गेली तेव्हा मात्र थांबायला लूमच उरले नव्हते.

दगानं मूठ छातीकडे ओढली. ओठांनी म्हणाला, "सुभद्रा."

मालतीबाईनं रुमालाच्या खुर्चीकडे पुन्हा बघितलं. मग सावकाश शेजारच्या पांडुरंगकडे वळली आणि तिनं मूठ ओढली. पांडुरंगनं पुढच्याला दाखवलं. खूण रांगेच्या टोकाला गेली, मागच्या रांगेत गेली. एकेक करून पुढच्या रांगेचे हात समोरच्या सागवानी कठड्यावर आले, मागच्यांचे पुढच्या खुर्च्यांच्या लाकडी पाठींवर. दगानंही आपला हात कठड्यावर ठेवला.

व्हायोलिनवरचा राग वाजवून संपला. खालून, मागून टाळ्यांचा पाऊस पडला. उजव्या सज्ज्यातल्या दोन रांगा तेवढ्या हलल्या नाहीत. टाळ्या ओसरल्या. वादकानं गज उचलला, पण वर बघून तो थांबला. खालची माणसं वळून बघायला लागली. गायत्री दाराशी उभी होती. तिनं आधी समोरचे हात बघितले आणि मग दगाशेजारची रुमालाची खुर्ची.

सगळे दगासाठी थांबले होते. हात उचलला की तिचं जाणं खरं होणार होतं, हे त्याला कळत होतं. त्यानं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, रुमाल उचलून खिशात ठेवला, आणि मग कठड्यावरचा हात उचलला.

समोर मालतीबाईनं डोळे पुसले आणि टाळी वाजवली. मागोमाग पांडुरंगनं, मग एकेकानं, आणि सगळ्या सभागृहात फक्त त्या दोन रांगा उशिरानं टाळ्या वाजवत राहिल्या. त्या दगाला ऐकू आल्या.