पिवळी तलवार आणि बुटका

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. हसू नका! लढाईतली नव्हे, बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकची, माशाच्या शेपटीला टाचायची.

माशांच्या प्रयोगशाळेतल्या ताईने मला पिवळ्या फाइलीतून कापलं आणि काळी किनार रंगवली. काही माशांत नराची शेपटी खरोखरच तलवारीसारखी वाढते. ती का वाढते, हे तिला शोधायचं होतं. म्हणून बुटक्याला भूल देऊन तिने मला त्याच्या शेपटीला टाचलं. बुटका म्हणजे बिनतलवारीच्या जातीचा साधासुधा नर. दुसऱ्या एका नराला माझ्याच मापाची, पण पारदर्शक तलवार लावली.

झालं! काल बुटक्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या माद्या आज त्याच्या मागेपुढे! दुसऱ्याकडे एकही फिरकेना. मला ओढून ओढून दमायचा बुटका, आणि खूश कोण, तर ताईचे सर!

टाकीला नाक लावून ते म्हणाले, "बघ, माद्यांनी असेच नर निवडले, की त्यांचीच पिल्लं जास्त. पिढ्यानपिढ्या शेपटी लांबत जाते."

"मग थांबते कुठे, सर?"

"शिकाऱ्याच्या तोंडात! सोड याला त्या मोठ्या माशाच्या टाकीत."

काय म्हणावं या माणसाला! माझ्यामुळे बुटक्याला धड वळताही येत नव्हतं.

"सर, तो मरेल."

"अगं, तेच तर बघायचंय!" असं म्हणून सर जेवायला गेले.

ताईने बुटक्याला जाळीत घेतलं, मोठ्या टाकीपाशी नेलं आणि ती तिथेच उभी राहिली. अगं बाई, काय ते एकदाचं ठरव ना! जाळीत त्याची तडफड चालली होती, माझा जीव नुसता वैतागला होता.

शेवटी तिने त्याला वाडग्यात सोडलं आणि टाका कापला. मग दुसऱ्या नराची पारदर्शक तलवारही काढली आणि दोऱ्याला बांधून मोठ्या टाकीत फिरवली. मोठा मासा जागचा हलला नाही. नंतर माझी पाळी. मी पाण्यात शिरते न शिरते तोच त्याने कचकन चावा घेतला!

सर परत आले. "बुटका कुठंय?"

"आहे त्याच्या टाकीत. उत्तर हे घ्या," म्हणत ताईने माझे तुकडे त्यांच्या हातावर ठेवले.

आता मी खणात धूळ खात पडले आहे. बुटक्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. पण मित्रांनो, कुणाला नटवायची हौस आलीच, तर ते ओढत पोहायचं कुणाला आहे, एवढं आधी बघा. मी तुटले, तर ताई फाइलीतून दुसरी कापेल. दुसरा बुटका कशातून कापणार होती?