सनदेचा हुंडा

नानासोंच्या सोप्यात सकाळी पोहे झाले, सुपारी झाली, आणि मुलगी बाहेर यायच्या आधीच सौदा ठरला. १९४४ सालचा चैत्र होता.

नवरा मुलगा जोतिबा. कराडच्या एका वकिलाकडे पंचवीस रुपयांवर कारकुनी करी. पुण्यात एक वेळ जेवून, पेढीवर हिशेब लिहून तो कायद्याची परीक्षा पास झाला होता. पण कोर्टात उभं राहायला सनद लागते, आणि सनदेच्या फीला त्याचा वर्षाचा पगारही पुरत नव्हता. गरिबाच्या पोरानं कायदा शिकावा, बोलू मात्र नये, अशी ही सरकारी तजवीज! ती फी नानासो भरणार होते, हुंडा म्हणून. उसाचा पैसा होता, जावई वकील हवा होता.

नानासोंची मुलगी अंजना पाटावर येऊन बसली. बारावं लागलं होतं. लुगड्याचा बोंगा तिला आवरत नव्हता. नाव सांगून झालं तशी ती आत पळाली, आणि लगेच सागरगोट्यांचा आवाज आला.

"चवदाच्या आत लगीन म्हंजे गुन्हा हाय," जोतिबा खाली मान घालून म्हणाला.

"आवं, तो कायदा इंग्रजाच्या मुलखात," नानासो हसले. "आमी वऱ्हाड गाड्यांत घालून सांगली संस्थानात नेतो. थोरल्या पोरींची तशीच झाली. वर एक कागूद करू, पोरीला चवदा पुरी म्हून. तुमीच लिवा, अक्षर झ्याक हाय तुमचं."

हद्द ओलांडली तरी इंग्रजी मुलखातल्या माणसाला तो कायदा सुटत नाही, हे जोतिबाला पाठ होतं. तरी त्यानं टाक उचलला. सांगायला लाज वाटते, पण उचलला. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं.

त्याची आई साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. "काय लिवलंस, वाच की रं," ती म्हणाली.

"वय वर्षे चौदा पुरी."

"मला धाव्या वर्साला नांदाय आणली. तेराव्याला पयलं लेकरू झालं, गेलं. दुसरंबी गेलं. तवा कायदा न्हवता, कुनाला बोल लावायचा? आता हाय, आन् तुला ठावं हाय. मला सून पायजे, दुसऱ्याचं लेकरू मारायला नगं."

जोतिबानं कागद घडी करून खिशात घातला. "हे लगीन मी करनार न्हाई," तो म्हणाला. "ती चवदाची हुईस्तवर दुसऱ्यालाबी देऊ नगा."

"तू न्हाई तर छप्पन मिळतील," नानासो उठले. "सनदंबिगर मर कारकुनी करत."

आठवड्यातच कळलं, अंजना पस्तिशीच्या एका बिजवराला दिली. वऱ्हाड रविवारी संस्थानात निघणार. कोर्टाकडून हे लगीन थांबवा म्हणून जोतिबानं आपल्या वकिलांचे पाय धरले. नानासो त्यांचे जुने अशील. त्यांनी जोतिबाला नोकरीवरूनच काढलं. शेळी जाते जिवानिशी, आणि हे अशिलाचं तोंड बघतात!

शुक्रवारी तो स्वतःच अर्ज घेऊन कोर्टात गेला.

"सनद कुठं हाय तुजी?" शिरस्तेदारानं विचारलं.

"फिर्याद द्यायला सनद लागत न्हाई."

अर्ज खोटा ठरला तर म्हणून त्याच्याकडून जामीन मागितला. सनदेसाठी पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं होतं नव्हतं ते त्यानं टेबलावर ठेवलं. पुराव्याला आपल्याच अक्षरातला तो खोटा कागद जोडला आणि तो मीच लिहिला असं तोंडानं सांगितलं. शनिवारी मनाई हुकूम नानासोंच्या दारात गेला. गाड्या जुंपल्या नाहीत.

जोतिबा आता मलकापुरात गुऱ्हाळावर गुळाची वजनं लिहितो. त्याला आजही सनद नाही. लोक त्याला खुळा म्हणतात.

आणि शहाणे? ते काळा कोट घालून रोज कोर्टात जातात. वकीलसाहेब, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्याही घरी येते. आज जेवायला बसाल तेव्हा वाढणारीला विचारा, माझ्या सनदेची फी तुझ्या बापानं भरली, तेव्हा तू किती वर्षांची होतीस. तिला बरोबर आठवत असेल.