रोज अर्धा कप तेल

माझ्या गॅरेजवर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. लोक मला 'नाक' म्हणूनच ओळखतात. सायलेन्सरपाशी वाकून एक खोल श्वास घेतला की इंजिनात काय बिघडलंय ते मी सांगतो, अशी माझी ख्याती आहे. वीस वर्षांत मी मोजून चार वेळा चुकलो. त्यातल्या दोन चुका एकाच गाडीच्या, आणि ती गाडी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची.

बाई डोंगरावरच्या गोठ्यांवर जातात. तिकडे रस्ता असा नाहीच. दगड, ओहोळ आणि गुरांनी पाडलेल्या वाटा. त्यासाठी त्यांनी एक उंच, काटक, कुठेही चढणारी मोटरसायकल घेतली होती. मागे औषधांची पेटी बांधलेली. नवरा जहाजावर नोकरीला, घरी बाई आणि सासूबाई. सासूबाईंचा गाडीला पहिल्या दिवसापासून विरोध. "गाडी हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत," बाई सांगायच्या. "'ते' म्हणतात. ते बाहेर लाव. ते पुसलंस का."

पहिल्यांदा आल्या तेव्हा बाईंच्या आधी धूर आला. निळा, दाट. बाई मागाहून खोकत आल्या.

"दादा, तेल पितेय."

"किती?"

"रोज सकाळी अर्धा कप घालते. तरी दुसऱ्या दिवशी रिकामी."

"धूर कधी जास्त? चालू करताना की चढावर?"

"दोन्ही वेळेला. काल एक गाय व्यायला झाली होती, तर गुराख्याने लांबूनच ओरडून सांगितलं, गाडी तिथेच ठेवा, गाय खोकतेय."

मी वाकलो, वास घेतला, डोळे मिटले. गिऱ्हाईक समोर असलं की मी डोळे मिटतोच. "व्हॉल्व्हची सीलं," मी म्हणालो. "रबराच्या बारक्या टोप्या असतात. कडक झाल्या की वरचं तेल आत झिरपतं आणि जळतं."

जुनं तेल थेट भंगार तेलाच्या पिंपात सोडलं, सीलं बदलली, नवं तेल मापाने भरलं, एक लिटर दोनशे मिली, आणि गाडी दिली.

आठ दिवसांनी पुन्हा धूर, मागून बाई.

या वेळी मी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर तेलात भिजून लदबदलेला. मला काय ते उमगलं. "रिंगा गेल्या. पिस्टनच्या. वरचा दाब खाली घुसतो आणि तेल वर उडवतो." पुन्हा तेल पिंपात सोडलं, दोन दिवस खपून इंजिन उघडलं. आता खरं सांगतो, रिंगा बऱ्या होत्या. पण एवढं सगळं उघडून बसल्यावर 'बऱ्या आहेत' म्हणायला मेकॅनिकची जीभ रेटत नाही. बदलल्या.

दहा दिवसांनी बाई तिसऱ्यांदा आल्या. चिडल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. समोरच्या टायरावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, एक विचारू का? माझ्याकडे कुणी बैल आणला आणि म्हणाला हा फार पाणी पितो, तर मी आधी त्याचं पोट तपासते. तुम्ही दोनदा आतलं तेल काढलंत. किती निघालं?"

"कमी."

"मोजलंत?"

मी पाना शोधू लागलो. पाना माझ्या हातातच होता.

"तेल पिणाऱ्या गाडीत कमीच असणार ना," मी म्हणालो. "मोजायचं काय त्यात?"

"मोजू या," बाई म्हणाल्या.

लिटरचं माप खाली धरलं आणि नट सोडला. माप भरलं. ते रिकामं करून पुन्हा धरलं. तेही काठोकाठ भरत आलं तरी धार थांबेना. एक लिटर दोनशेच्या इंजिनातून जवळजवळ दोन लिटर तेल निघालं. 

"बाई," मी विचारलं, "तुम्ही तेल बघता कसं?"

"ती उजवीकडे खाली गोल काच आहे ना, त्यात."

"तेव्हा गाडी कशी असते?"

"कशी म्हणजे? स्टँडवर."

स्टँड बाजूचा, तोही डावीकडे. मी आत मापाने तेल भरलं, गाडी दोन्ही हातांनी सरळ उभी धरली आणि बाईंना काच बघायला सांगितलं. बरोबर मध्यापर्यंत तेल. मग गाडी स्टँडवर कलती केली. सगळं तेल डावीकडे गेलं, काच रिकामी. बाईंनी मला ते तीनदा करायला लावलं.

"म्हणजे मीच तिला रोज..."

"पाजत होतात," मी म्हणालो. आता माझ्या छातीत हवा भरली. "जास्तीचं तेल नळीतून फिल्टरच्या डब्यात उडतं. तिथून इंजिन ते हवेबरोबर ओढतं आणि जाळतं. तोच हा धूर. गाडीला काही झालेलं नाही!"

"मग ती सीलं आणि रिंगा?"

"त्या आता... नव्या आहेत," मी म्हणालो.

फिल्टर धुतला. तेलाच्या झाकणावर पिवळ्या रंगाचा एक फराटा मारला, अर्धा झाकणावर, अर्धा इंजिनावर. झाकण फिरलं तर फराटा तुटणार. "आठ दिवस हात लावायचा नाही," मी बजावलं. बाईंनी मान डोलावली.

आठव्या दिवशी वळणापलीकडून निळा धूर वर आला तेव्हा मी हातातला चहा खालीच ठेवला.

फराटा तुटलेला. तुटलेला कसला, अर्धा खरवडून काढलेला.

"सवय सुटत नाही का हो?" मी म्हणालो.

"मी हात लावला असेल तर पदवी परत करीन!"

"मग काय गाडी उठून आपल्या हाताने पिते?"

भांडण चांगलंच रंगलं. ट्रकवाले थांबून ऐकू लागले. शेवटी मीच म्हणालो, उद्या सकाळी येतो आणि बघतो.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी त्यांच्या घरी पोचलो. उताराचं अंगण, एका बाजूला पत्र्याची शेड, तिथे गाडी डावीकडे कलून उभी. मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. त्यांचा कुत्रा आला, भुंकला नाही. त्याने माझा वास घेतला, मी कोण ते ओळखलं आणि शेजारी बसला. आमची विद्या एकच.

थोड्या वेळाने मागचं दार उघडलं. अंगावर शाल, एका हातात नरसाळं, दुसऱ्या हातात दुधाचं माप घेऊन सासूबाई बाहेर आल्या. गाडीपाशी येऊन त्यांनी आधी शालीच्या टोकाने सीट पुसली. मग कष्टाने वाकून काच बघितली आणि त्या चुकचुकल्या.

"बघ, परत रिकामी. काय पोट आहे की काय आहे तुझं?"

झाकण फिरवलं, नरसाळं लावलं.

"काकू, थांबा!" मी टाकीमागून ओरडलो.

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "हळू बोला. सून झोपलीय."

"तुम्ही तेल ओतताय?"

"मग कोण ओतणार? हिला कुठे वेळ असतो. पेटी भरते, फोन कानाला लावते आणि निघते."

"अहो, पण तुम्हाला ही गाडी आवडत नाही ना?"

"मुळीच नाही. म्हणून काय उपाशी पाठवू? वर डोंगरात हे बंद पडलं तर माझी सून तिथे एकटी. मुलगा तिकडे समुद्रात. मी काय मागे धावत जाऊ?"

"आणि तेल कुठून आणता?"

"दुकानातून. सून नेते तेच द्या म्हटलं, चांगल्यातलं."

"झाकणावर पिवळा रंग होता काकू, मी लावलेला."

"तुम्ही लावलात होय? मला वाटलं घाण लागलीय. नखाने काढली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मेस्त्री, हिला सांगू नका."

पण दारात डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. तोंडात ब्रश, ओठांवर फेस. त्यांनी मापाकडे बोट केलं, मग नरसाळ्याकडे, मग माझ्याकडे, आणि काहीतरी जोरात बोलल्या. फेसाखेरीज काही बाहेर आलं नाही.

"आधी तोंड धुऊन ये," सासूबाई म्हणाल्या.

आणि त्या खरंच गेल्या. परत आल्या तोवर रागाची धार बोथट झाली होती.

"आई, रोज ओतता?"

"रोज."

"कधीपासून?"

"तू वर दरडीपाशी पडलीस आणि मला सांगितलंस पायरीवरून घसरले, तेव्हापासून."

 बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं?"

"आपल्या पायरीला लाल माती नाही."

मी कुत्र्याचे कान खाजवू लागलो. अशा वेळी मेकॅनिकला कुठे बघावं ते कळत नाही. बाई सासूबाईंजवळ गेल्या, त्यांच्या हातातून माप घेतलं आणि तसाच तो हात धरून उभ्या राहिल्या. रागवायचं तरी कसं? तोच मूर्खपणा त्यांनीही दोन महिने केला होता, फक्त त्या अंमळ उशिरा उठून करत होत्या.

मी जास्तीचं तेल काढलं. दुधाच्याच मापात काढलं, ते आता कशालाच उपयोगी नव्हतं. मग दोघींना शिकवलं: इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं, बंद करायचं, जरा थांबायचं, आणि गाडी एकदम सरळ उभी करून काच बघायची. एकटीने हे जमत नाही. एकीने गाडी सरळ धरायची, दुसरीने वाकून बघायचं.

"मला वाकवत नाही," सासूबाई म्हणाल्या.

म्हणून त्या वर बसल्या. मी दोन्हीकडे विटा रचून दिल्या, त्यांवर पाय टेकून त्यांनी गाडी सरळ धरली. बाई उकिडव्या बसून काच बघत होत्या.

"निम्मी," बाई खालून म्हणाल्या.

 सासूबाईंनी हँडलच्या दोन्ही मुठी घट्ट धरल्या होत्या आणि कुंपणापलीकडे बघत होत्या. "बरंच लांबचं दिसतं गं इथून," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "हॉर्न कुठला?" मी दाखवायच्या आत त्यांनी तो शोधला होता. कुत्रा घरात पळाला.

त्या दिवसापासून धूर बंद आहे. दर रविवारी दोघी मिळून काच बघतात आणि सासूबाई मला फोन करतात.

"मेस्त्री, काच निम्मी आहे. बरोबर?"

"बरोबर, काकू."

"मग ओतायचं नाही?"

"नाही ओतायचं."



"चमचाभर?"