देवीचा वाटा

“पापड लाटायचे आपण आणि दुकानावर पाटी मालनताईच्या पोराची!” कुंदा माझ्या कानाशी पुटपुटली.

पंचवटीत मी, कुंदा आणि मालनताई अशा आम्ही तिघी भागीदारीत पापड करत होतो. नफ्याचे चार वाटे व्हायचे. तीन आमचे, चौथा सप्तशृंगीचा. खरं तर तो पीठ कुटायच्या मशीनसाठी होता. पण देवीचा म्हटलं की नवरे मागत नाहीत, म्हणून ते नाव. तो वाटा मालनताईंकडे असायचा. पीठ कुटून माझे खांदे गेले होते, मी त्या मशीनचीच वाट बघत होते. आणि दिवाळीत ताईंच्या मुलाने पुढच्याच गल्लीत पापडाचं दुकान टाकलं.

“ताई, मशीन कधी आणायचं?” चहा गाळता गाळता मी विचारलं.

“देवीचा वाटा देवीला पोचला गं,” ताई हात जोडून म्हणाल्या. “तिच्याकडे हिशेब मागू नये.”

आमचीच थाप, आता ताई मलाच ऐकवत होत्या.

कुंदाने कप खाली ठेवला. “देवीचं नाव नवऱ्यांना सांगायला होतं ताई, आम्हाला नाही. तुम्ही आमचे पैसे चोरलेत.”