वहीत नसलेल्या गोळ्या

सिस्टर आग्येइवा मला खोटारडी म्हणाल्या नाहीत. पण माझी वही त्यांनी ज्या रीतीने मिटली, त्यात ते स्पष्ट ऐकू आलं.

त्या वहीत माझं महिन्याभराचं डोकं होतं: कधी उठलं, कुठल्या बाजूने, उलटी झाली का, गोळ्या किती घेतल्या. गोळ्यांच्या रकान्यात ओळीने शून्यं. अर्धशिशीवरच्या या संशोधनाची अटच तशी. महिन्याला दंडात एक सुई, बाकी दुखणं मारायची एकही गोळी नाही. आणि माझ्या रक्तात पॅरासिटामॉल सापडलं होतं.

"मी घेतली नाही, सिस्टर."

"सगळ्या असंच म्हणतात, बाई. पुढच्या खेपेला सापडलं तर संशोधनातून नाव काढणार."

नाव गेलं की सुई गेली. सुईआधी महिन्यातले दहा दिवस मी खिडक्या लावून पडायचे. तशाच एका दिवशी माझी दोन वर्षांची आदोमा शेगडीपाशी गेली, आणि तिचं रडणं मला शेजारच्या पोरीचं वाटलं. तिच्या तळव्यावर डाग आहे अजून. आता दहाचे तीन दिवस झाले होते.

घरी येताना मिनीबसमध्ये मी सगळ्यांवर संशय घेऊन झाले. आधी सिस्टरवर: रक्ताच्या नळीवर माझा आकडा चिकटवताना त्या फोनवर हसत होत्या. मग नवऱ्यावर: दया येऊन चहात विरघळवत असेल का?

"चहात साखर घालायची मला आठवण राहत नाही," ओवुसु म्हणाला, "गोळी कुठून घालू?"

मग मी वहीच्या मागच्या पानावर पोटात जाणारा प्रत्येक घास लिहायला लागले. चार दिवसांत दिसलं, की सगळं मी स्वतः शिजवते. दुपारचं सोडून. दुपारी कुटलेल्या कंदांचा फूफू आणि कोंबडीचा रस्सा नवऱ्याच्या आत्याकडचा. बोआतेमा आत्याबाईंची खानावळ आमच्या दारासमोरच आहे. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा आदोमाही त्यांच्याकडेच असते.

गुरुवारी अर्धी रजा टाकली आणि दहा वाजता मागच्या दाराने खानावळीत गेले. आत्याबाई अंडी द्यायची थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या शिजवत होत्या. कमरेच्या गाठीतून त्यांनी पॅरासिटामॉलचं एक पाकीट काढलं आणि सहा गोळ्या पातेल्यात टाकल्या, मीठ टाकावं तशा.

"आत्याबाई, हे काय?"

"मांस मऊ पडतं. नाहीतर ही थेरडी संध्याकाळपर्यंत दोरखंड. अख्खी गल्ली असंच करते. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं तुला?"

"आदोमालाही यातलंच देता?"

"मग! तिला वरचा रस्सा, मांस कुस्करून. ताप तरी येतो का पोरीला कधी?"

आदोमाला कडेवर घेऊन मी निघाले. आत्याबाई मागून ओरडल्या, "जेवून तरी जा!" दुसऱ्या दिवसापासून तिला शाळेत नेऊ लागले, पाठीला बांधून. मुख्याध्यापिका रोज कुरकुरत.

महिन्याने रक्त स्वच्छ आलं.

"सुटल्या ना शेवटी गोळ्या?" सिस्टर हसल्या.

हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण दाराबाहेरच्या बाकावर डोक्याला पिवळं फडकं बांधलेली एक बाई नर्सला सांगत होती, "आईशपथ, मी घेतली नाही हो." मला तिच्या हातातली उघडी वही दिसली, सगळी शून्यं. मी दार लावलं आणि सिस्टरना सांगितलं: कोंबडी, पातेलं, सहा गोळ्या.

"कुठल्या खानावळीत?"

"ते नाही सांगणार. माझी पोर तिथल्या बाईंनी सांभाळलीय."

"म्हणजे पुरावा नाही." त्यांनी माझी वही पुन्हा मिटली. "गोष्ट मात्र चांगली रचलीत."

"आज दुपारी कुठे जेवणार तुम्ही, सिस्टर? कोंबडी मऊ असते का तिथली?"

त्यांनी टेबलावरचा, खानावळीतून आणलेला डबा हळूच लांब सरकवला. मग खणातून एक कागद काढला. त्यावर नाव काढलेल्या चौघी होत्या.

"ह्या कुठे जेवायच्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आम्ही कधी विचारलंच नाही." दार उघडून त्यांनी नर्सला हाक मारली, "त्या बाईला जाऊ देऊ नकोस." मग माझ्याकडे वळल्या. "दंड पुढे करा."

सुईवरचा आकडा आणि माझ्या वहीवरचा आकडा मी दोनदा ताडून पाहिला. मगच बाही वर केली.