पायलटबाईची मोठी जाऊ

अमळनेरहून धुळ्याकडे निघालं की डाव्या हाताला एक फाटा लागतो. त्या फाट्यावरच्या गावात बायकांचा बचत गट उभा केला तो सविताने. घरोघर फिरून, सासवांच्या शिव्या खाऊन, नवऱ्यांची समजूत घालून तिने बाया जमवल्या होत्या. गटाची अध्यक्ष तीच. बँकेत जायचं तर सविता, पंचायत समितीत बोलायचं तर सविता. गावात कुणाला सरकारी कामाचं काही विचारायचं असलं की तो आधी तिच्या ओट्यावर येऊन बसायचा. हे तिला आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवतही नसे.

म्हणून सरकारी योजनेतून गटाला फवारणीचा ड्रोन मिळणार हे कळलं, तेव्हा तो कोण उडवणार हा प्रश्न सविताच्या मनात आलाच नाही. ती मीटिंगला नवी साडी नेसून गेली. पंचायत समितीतल्या मॅडमनी सगळं समजावलं. एका बाईला पायलटचं प्रशिक्षण, सगळा खर्च सरकारचा, जेवणराहणं फुकट. आणखी एकीला मदतनीस म्हणून थोडं शिकवणार. फवारणीचं भाडं गटाला आणि पायलटला मिळणार. मग मॅडम म्हणाल्या, "पायलट दहावी पास हवी. ही अट वरूनच आहे."

सविता नववीत असताना तिची शाळा सुटली होती. माहेर चाळीसगावकडचं, आई आजारी, घरात थोरली तीच.

गटातल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. बऱ्याचजणी चौथी-सातवीच्या पुढे गेलेल्या नव्हत्या, ज्या गेल्या होत्या त्यांची लेकरं अंगावर होती. तेवढ्यात मागून कमलबाई म्हणाली, "अध्यक्षबाईच्या घरमाच शे ना बारावी."

बारावी म्हणजे पुनम. सविताची धाकटी जाऊ. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, ललितची बायको. गटात तिला सवितानेच घातलं होतं, तेही संख्या भरत नव्हती म्हणून.

"पुनम चालेल," सविता म्हणाली. त्या घडीला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. मदतनीस म्हणून बायांनी सविताचं नाव दिलं, आणि आपण अध्यक्षबाईचा मान राखला असं त्यांना वाटलं.

पुनम प्रशिक्षणाला पुण्याकडे गेली. सविताला तिकडे मोजके दिवस बोलावलं, पाण्यात औषध कसं कालवायचं, टाकी कशी भरायची, बॅटरी कशी बदलायची हे शिकवलं आणि परत पाठवलं. पुनम आली ती निळं जाकीट घालून. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत पायलट लिहिलेलं. ललित तिला आणायला अमळनेर स्टेशनवर गेला, आणि येताना त्याने गाडी मुद्दाम बाजारातून आणली.

मग सुरू झालं ते सविताला बघवेना. पहिल्यांदा ड्रोन उडाला तेव्हा अर्धं गाव कपाशीच्या बांधावर उभं होतं. पुनम रिमोट गळ्यात अडकवून बोटं हलवायची आणि ते सहा पंख्यांचं यंत्र पिकावरून सरळ रेघ मारत जायचं, वळायचं, परत यायचं. माणसाला पाठीवर पंप घेऊन जे करायला दिवस मावळायचा, ते चहा होईपर्यंत संपायचं. आणि सविता बांधावर बसून बादलीत औषध ढवळायची, टाकी भरायची, तापलेल्या बॅटऱ्या उचलून गाडीत ठेवायची. हाताला औषधाचा वास यायचा तो साबणाने जात नसे.

लोक सविताच्या ओट्यावर यायचे, पण आता वेगळं विचारायचे. "पायलटबाई घरमा शे का?"

सासू पुष्पाबाई. सविताच्या लग्नाला सोळा-सतरा वर्षं झाली, तेवढ्या काळात म्हातारीने तिच्या भाजीत मीठ कमी की जास्त याशिवाय काही सांगितलं नव्हतं. तीच आता आल्यागेल्याला सांगायची, "मनी धाकली सून इमान उडावस." एकदा हे ऐकताना सविताच्या हातातली पोळी तव्यावर करपली. म्हातारी म्हणाली, "ध्यान कुठे शे तुनं?"

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. खुंटीवर जाकीट होतं. सविताने दार लोटलं, जाकीट अंगात घातलं. खांद्यात ते तटलं, चेन वर सरकेना. आरशात पाठ दिसावी म्हणून ती मान वळवून वळवून उभी राहिली. अक्षरं उलटी दिसत होती. तिने ते घाईघाईने काढलं, परत लटकवलं, आणि पुढचा तासभर विनाकारण भांडी घासत बसली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. कळून थांबता येत नव्हतं.

पुनम वाईट असती तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. ती "अक्का, अक्का" म्हणत मागे असायची, शेतावरून आली की आधी सविताच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची. पण तिचं ते भुसावळचं स्वच्छ बोलणं, साहेबांशी न अडखळता फोनवर बोलणं, आणि शाबासकी मिळाली की "आमच्या अक्कांमुळेच" असं म्हणणं, हे सविताला टोचायचं. शाबासकीतला आपला वाटा आपल्याला दुसऱ्याने वाढून द्यावा, याची तिला चीड यायची.

भाद्रपदात जळगावहून निरोप आला. जिल्ह्यातल्या ड्रोन चालवणाऱ्या बायकांचा सत्कार होता. बोलावणं पुनमला होतं. मदतनिसांबद्दल काही नव्हतं, अध्यक्षांबद्दलही नव्हतं.

"मी विचारते ना मॅडमला. तुम्ही पण चला, अक्का," पुनम म्हणाली.

"कसाले? मना काय काम शे तठे?" सविता म्हणाली. "तू जा."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पंडितआबांच्या वावरात फवारणी होती. आबा गावातले मोठे शेतकरी. गट काढताना याच आबांनी सविताच्या पाठीशी उभं राहून दोन शब्द सांगितले होते. आज ते थर्मास घेऊन आले आणि सविताला म्हणाले, "पायलटबाईले चहा दे बरं आधी. मंग तू ले."

सविताने चहा दिला. स्वतः घेतला नाही.

शेत लांबट होतं. पुनम या टोकाला रिमोट घेऊन, सविता त्या टोकाला बांधावर. तिचं काम एवढंच की ड्रोन तिच्याकडे येताना वाटेत झाड, खांब, माणूस, जनावर काही असलं तर दोन्ही हात वर करायचे. पुनमला इतक्या लांबून बारीक काही दिसत नसे. आभाळ भरून आलं होतं, सगळा उजेड राखेच्या रंगाचा.

ड्रोन दोन फेऱ्या मारून गेला. तिसऱ्या फेरीला तो विहिरीच्या बाजूच्या कपाशीच्या तासावर आला, आणि तेव्हा सविताला तार दिसली. आबांनी विहिरीवरच्या मोटारीला नवी तार ओढली होती, एका वाकड्या लाकडाच्या आधाराने, कपाशीच्या पुरुषभर वर, ड्रोनच्या वाटेतच. राखी आभाळात राखी तार.

ड्रोन अजून लांब होता. हात वर करायला भरपूर वेळ होता. सविताने तारेकडे बघितलं, ड्रोनकडे बघितलं. हात खालीच राहिले. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा सांगितलं की आपण गोंधळलो, घाबरलो. पण घाबरली नव्हती ती. तिला स्वच्छ आठवत होतं. तिच्या मनात आलं होतं, आता बघू पायलटबाईचं.

मग तिने हात वर केले. तोवर उशीर झाला होता. पंख्याला तार लागली, ड्रोन आडवा फिरला आणि कपाशीत तोंडावर आपटला. औषधाची टाकी फुटली. पुनम तासातून धडपडत धावत आली, मोडलेल्या यंत्राशेजारी मातीत बसली आणि तोंडावर हात धरून रडू लागली.

ड्रोन दुरुस्तीला नाशिकला गेला. ऐन फवारणीचे दिवस हातचे गेले. ज्यांनी नंबर लावले होते त्या शेतकऱ्यांनी पंप मारायला माणसं धरली. गटातल्या बाया कुजबुजू लागल्या, पोर नवीन शे, हात बसला नव्हता. जळगावच्या सत्काराला पुनम गेलीच नाही.

त्या पहिल्या रात्री सविता पोटभर जेवली. पुनमचं ताट झाकून ठेवलेलं होतं, आणि म्हातारी गप्प होती. सविताला फार दिवसांनी आपलं घर आपलं वाटलं. पण ते सुख टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम चौकशीला आल्या. चूक कुणाची, त्यांनी विचारलं. सविता मान खाली घालून बसली.

"माझीच," पुनम म्हणाली. "उडवण्याआधी शेताला पूर्ण फेरी मारायला हवी होती. मी मारली नाही."

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पहिली चूक आहे, पुढे सांभाळा. पुन्हा असं झालं तर ड्रोन दुसऱ्या गावाच्या गटाला द्यावा लागेल.

संध्याकाळी सविता मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. पुनम बादली घेऊन आली, दोरीपाशी थांबली.

"अक्का, एक सांगू? ड्रोनला पुढे कॅमेरा असतो. रिमोटच्या पडद्यावर तुम्ही दिसत होतात."

सविताचा हात दोरीवरच राहिला.

"तुम्ही वर बघत होतात. आधी विहिरीकडे, मग सरळ कॅमेऱ्याकडे. मला वाटलं पाखरू असेल. काही असतं तर अक्कांनी हात केला असता, असं वाटलं मला."

"मंग मॅडमले का नही सांगं?" सविताने विचारलं.

"सांगून काय झालं असतं? गट तुमचा आहे. तुम्ही नसलात तर तो मोडेल." पुनमने एक साडी पिळली, झटकली. "घरात पण मी कुणाला बोलणार नाही. ललितला पण नाही. पण ड्रोन परत आला की माझ्यासोबत तुम्ही नको. मला समोर विश्वासाचं माणूस लागतं."

ती रागावून बोलली नव्हती. रागावली असती, भांडली असती तर सविताला उत्तर देता आलं असतं. हिच्याजवळ बारावी होती, जाकीट होतं, सासूचं कौतुक होतं, आणि आता वरून हे मोठेपणही हिच्याकडेच गेलं. सविताला त्याचासुद्धा हेवा वाटला. उरलेले कपडे तिने तसेच ओले दोरीवर टाकले.

पुढच्या मीटिंगमध्ये तिने अध्यक्ष म्हणून सांगून टाकलं, "यापुढे मदतनीस कमलबाई राहतील. एकाच घरात दोन्ही कामं नकोत." बायांना ते फार पटलं. अध्यक्षबाईंनी आपला वाटा सोडला म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुनमनेही वाजवल्या. त्या टाळ्या सविताच्या कानशिलावर बसल्यासारख्या वाटल्या.

त्यानंतर आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. नवरा योगेंद्र म्हणाला, "तुले काय व्हयनं?" ती म्हणाली, "काही नही." आणि एका सकाळी एसटी धरून ती चाळीसगावला गेली, माहेरी न जाता थेट जुन्या शाळेत. शाळा सोडल्याचा दाखला काढला. अमळनेरला येऊन सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावीला बसण्याचा. घरी आल्यावर तिने योगेंद्रपुढे तो कागद ठेवला.

"मी परीक्षा देसू," ती म्हणाली.

"आते? ह्या वयमा?"

"पस्तीस म्हणजे काय म्हातारपण शे का?"

तिने मराठी, इतिहास आपलं आपण केलं. इंग्रजी रडतखडत. गणित मात्र हाती लागेना. गावातल्या शाळेचे सर शिकवायला तयार होते, पण त्यांचं बोलणं तिला भराभर निसटून जाई. घरात गणित येणारं एकच माणूस होतं. तिने पुनमला विचारलं नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, पुनम आणि कमलबाई केळीच्या बागांवर फवारणी करून येत, आणि सविता चुलीपुढे वही मांडीवर घेऊन बसे. पुनम जाता-येता वहीकडे बघायची. एकदा ती उभ्यानेच म्हणाली, "चिन्ह चुकलंय, अक्का. वजा हवं," आणि पुढे निघून गेली. सविताने रागाने वही मिटली. मग उघडली. वजा केलं. उत्तर आलं. त्यानंतर ती वही मुद्दाम पुनमच्या वाटेत ठेवू लागली, आणि पुनम येताजाता पेन्सिलीने एखादी खूण करून जाऊ लागली.

मार्चमध्ये अमळनेरच्या केंद्रावर परीक्षा झाली. पुढच्या बाकावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी, त्यांच्यात ही पदर खोचून. निकाल लागला तेव्हा गणितात ती काठावर, पण पास होती.

म्हातारीने शेजारणीला हाक मारून सांगितलं, "मनी मोठी सून मॅट्रिक व्हयनी." सविता आतून ऐकत होती. तिने पुन्हा ऐकू यावं म्हणून चुलीतलं लाकूड हलवायचं थांबवलं.

पंचायत समितीतल्या मॅडम म्हणाल्या होत्या की परिसरातल्या सगळ्या गटांच्या संघाला आणखी एक ड्रोन मिळेल असं चाललंय, मिळेलच असं नाही, पण पायलटसाठी नाव पाठवून ठेवा. सविताने आपलं नाव पाठवलं. पुनमने पेढे आणले, सगळ्यांना वाटले, शेवटी सविताजवळ येऊन डबा पुढे केला. दोघी ओट्यावर बसल्या. पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत.

"तठे खोट्या यंत्रावर शिकाडतस ना आधी?" सविताने पेढा तोंडात टाकत विचारलं.

"हो. कॉम्प्युटरवर. पडलं तरी मोडत नाही."

"तुले कितला दिन लागनात?"

पुनम हसली. "उडवायला लवकर आलं. पण खरा ड्रोन हातात दिला तेव्हा दोन दिवस माझी बोटं थरथरत होती."

सविताने मान हलवली आणि पेढ्याचा कागद चुरगळला. आपली एकच दिवस थरथरतील, एवढं तिने मनात ठरवून टाकलं.